गाडी कुठे पोहोचली?

मागे एकदा रात्री उशिरा बहिणीच्या मुलीचा फोन आला. सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे माल सप्लायरपासून ग्राहकापर्यंत पोहोचवण्याच्या नियोजनात, मास्टर्स झालंय तिचं, चांगल्या मार्कांनी झालंय, आणि नुकतीच पहिल्या नोकरीला लागलीय. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम म्हणाली, "मावशी, खरं सांगशील? हे काम करायला दोन वर्षं शिकावं लागतं का?" मी म्हटलं कुठलं काम, तर म्हणे सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत फोन. गाडी कुठे पोहोचली, गेटवर का उभी आहे, कधी लागेल डॉकला (म्हणजे माल चढवा-उतरवायच्या फलाटाला), कालची अजून रिकामी का नाही झाली. उत्तर मिळालं की एक्सेलमध्ये भरायचं, संध्याकाळी त्याच एक्सेलचा मेल करायचा, दुसऱ्या दिवशी परत तेच. तिच्याबरोबर शिकलेला एकजण कुठेतरी मॉडेल्स बनवतोय, दुसरी कोणी फोरकास्टिंग, म्हणजे मागणीचे अंदाज, करतेय, आणि ही ड्रायव्हरला विचारतेय की भाऊ कुठे आहात. ती रडत वगैरे नव्हती. आवाज अगदी सपाट होता, आणि तेच मला जास्त लागलं, कारण या क्षेत्रात पहिल्या वर्षी येणारा तो सपाट आवाज मला चांगला ओळखीचा आहे. आपण नीट बोलू म्हणून फोन ठेवला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

कारण प्रश्न बरोबर आहे. क्लासरूममधलं सप्लाय चेन आणि पहिल्या नोकरीतलं सप्लाय चेन यांची भेटच होत नाही पहिले कित्येक महिने. क्लासमध्ये सगळं किती सुंदर असतं! १९१३ साली फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या माणसाने एका मासिकात छोटासा लेख लिहिला, एका वेळी किती नग बनवायचे एवढाच प्रश्न घेऊन. प्रत्येक वेळी मशीन लावायला खर्च येतो म्हणून एकदम खूप बनवावेसे वाटतात, आणि खूप बनवले की ते पडून राहतात, पैसा अडकतो, जागा अडते. या दोन ओढींच्या मधला बिंदू त्याने एका वर्गमुळात बसवून दाखवला आणि शंभरहून जास्त वर्षं झाली, इन्व्हेंटरीचा, म्हणजे साठ्याचा, कुठलाही कोर्स अजून तिथूनच सुरू होतो. फळ्यावर त्या दोन खर्चांचे वक्र काढून त्यांची बेरीज काढली की तिची खालची बाजू पसरट वाटीसारखी दिसते. मला त्या पसरटपणाचं फार अप्रूप वाटायचं आणि अजून वाटतं, कारण त्याचा अर्थ असा की आदर्श आकड्यापेक्षा ५० टक्के जास्त मागवलं तरी ऑर्डरिंग आणि साठवणूक मिळून जो खर्च असतो तो फक्त ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणजे किती मागवायचं यात चुकलात तर गणित तुम्हाला बऱ्यापैकी सांभाळून घेतं.

कधी येणार यात मात्र ते अजिबात सांभाळून घेत नाही.

हे मला पुस्तकात कळलं नव्हतं, वेअरहाऊसमध्ये कळलं. माझी सुरुवात डॉकवरच झाली. पुठ्ठ्याची ती कोरडी धूळ घशात बसायची, लेबल प्रिंटरमधून निघालेलं लेबल हाताला कोमट लागायचं, फोर्कलिफ्ट मागे येताना वाजणारा बीप आणि पॅलेटभोवती (माल रचायच्या लाकडी फळीभोवती) स्ट्रेच फिल्म गुंडाळतानाचा तो चर्र आवाज घरी आल्यावरही कानात असायचा. आणि डिझेलचा वास, तो तर कपड्यांतच राहायचा. पण त्या सगळ्या गडबडीत हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली की इथे हलणारं फार थोडं आहे. फोर्कलिफ्ट हलतेय, माणसं हलतायत, पण माल? माल उभा आहे. गाडी येऊन गेटवर उभी, गेटमधून आत येऊन डॉक रिकामा होण्याची वाट बघत उभी, माल उतरला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होईपर्यंत रिसीव्हिंग एरियात उभा, मग क्वालिटीचा शिक्का बसेपर्यंत, मग पुटअवेची, म्हणजे रॅकमध्ये लावायची, पाळी येईपर्यंत, आणि रॅकमध्ये गेला की कोणीतरी मागेपर्यंत. प्रत्यक्ष उतरवायला लागणारा वेळ तासांत आणि बाकीचं सगळं दिवसांत. नंतर जॉन लिटल यांचा १९६१ चा सिद्धांत परत वाचला तेव्हा तो पहिल्यांदा खरा वाटला, की आत असलेला माल म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. रोज ५०० पॅलेट येत असतील आणि प्रत्येक सरासरी चार दिवस थांबत असेल तर तुमच्याकडे २००० पॅलेट असणारच, मग तुम्ही कितीही मोठी मीटिंग घ्या. जागा कमी पडतेय म्हणून नवीन वेअरहाऊस शोधणारे लोक मी पाहिलेत, आणि चार दिवसांचे तीन कसे करायचे हे विचारणारा मात्र क्वचित दिसला.

माल्कम मॅकलीनची गोष्ट मला म्हणूनच आवडते. हा माणूस मुळात ट्रकवाला. बंदरावर गाडी घेऊन गेल्यावर एकेक गासडी हाताने उतरून जहाजावर चढताना बघत तासन्‌तास ताटकळायला लागायचं, आणि हे असं का, अख्खी ट्रकची पेटीच का चढवत नाहीत, असं त्याच्या डोक्यात आलं म्हणून सांगतात. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं आयडियल-एक्स नावाचं जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, डेकवर ५८ पेट्या, म्हणजे आजचे कंटेनर, घेऊन. त्या काळी सुटा माल चढवायचा खर्च टनाला ५ डॉलर ८३ सेंट धरला जायचा, तो यात १६ सेंटच्या आसपास आला. आपण हे वाचतो तेव्हा खर्चाचा आकडा लक्षात ठेवतो, परीक्षेत तोच येतो. पण जहाज काही जास्त वेगाने धावत नव्हतं, ते आयडियल-एक्स तर जुनं तेलवाहू जहाज होतं. कमी झालं ते बंदरात उभं राहणं. हे बघायला आधी रांगेत उभं राहावं लागतं असं माझं प्रामाणिक मत आहे, ऑफिसात बसून ते दिसायला फारच हुशार असायला लागेल.

तर भाचीच्या प्रश्नाकडे येते. मी तिला दुसऱ्या दिवशी फोन केला आणि म्हटलं, सेफ्टी स्टॉकचा, म्हणजे माल कमी पडू नये म्हणून जादा ठेवायच्या साठ्याचा, फॉर्म्युला आठवतो का, तो मोठा, दोन पदांचा? म्हणाली आठवतो, परीक्षेला आला होता. मग आम्ही फोनवरच गणित केलं. समज रोजची मागणी सरासरी १०० नग, तिच्यातला चढउतार म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन २०. माल यायला ९ दिवस लागतात आणि तो अगदी नवव्या दिवशीच येतो. तर पहिलं पद ९ गुणिले २० चा वर्ग, ३६००, त्याचं वर्गमूळ ६०. ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंत १०० पैकी ९५ वेळा तरी कमी पडू नये म्हणून १.६५ ने गुणलं की ९९ नग, झालं. आता तेच नऊ दिवस सरासरी ठेव, पण कधी सातव्या दिवशी कधी अकराव्या, म्हणजे दोन दिवसांचं डेव्हिएशन. दुसरं पद येतं १०० चा वर्ग गुणिले २ चा वर्ग. चाळीस हजार! पहिलं पद छत्तीसशे आणि हे चाळीस हजार. बेरजेचं वर्गमूळ २०९ च्या आसपास, सेफ्टी स्टॉक ३४५. म्हणजे ग्राहक तोच, मागणी तीच, फक्त गाडीचा भरवसा नाही म्हणून साडेतीन पट माल उशाशी घेऊन बसायचं.

मग मी तिला म्हटलं, आता तुझा मॅनेजर म्हणतो लीड टाइम (ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंतचा काळ) कमी करा, जवळचा सप्लायर शोधा, जास्त भाडं देऊन फास्ट गाडी लावा. केलं, ९ चे ४ दिवस झाले, पण बेभरवसा तोच राहिला, दोन दिवसांचा. काढ किती येतात. तिने काढले, ३३७. ती गप्पच झाली. निम्म्याहून जास्त दिवस कमी केले, पैसे खर्च केले आणि वाचले आठ नग. आता उलट कर, नऊचे नऊच राहू दे, फक्त दोन दिवसांचं डेव्हिएशन एक दिवसावर आण. १९२. जवळजवळ दीडशे नग गेले, आणि तेही गाडी एक किलोमीटरही जास्त वेगाने न पळवता.

आणि हे दुसरं पद कुठून येतं? तुझ्या फोनमधून येतं.

एवढंच मला तिला सांगायचं होतं. मॉडेल बनवणारा मित्र त्या ठिकाणी २ लिहितो, पण तो २ त्याला कोणीतरी दिलेला असतो, आणि बऱ्याच वेळा तो दोन नसतोच. सिस्टीममध्ये लीड टाइम ९ असा एकच आकडा असतो, कोणीतरी सप्लायर नवीन जोडताना भरलेला, त्यानंतर तिकडे कोणी फिरकलेलं नाही. खरा आकडा त्या गाड्यांकडे आहे, आणि गाड्यांना विचारणारी ती आहे. माझं म्हणणं असं की सप्लाय चेन शिकलेल्या माणसाने आणि न शिकलेल्या माणसाने केलेला "कुठे पोहोचली" हा फोन ऐकायला सारखाच असतो, फरक फोन ठेवल्यावर पडतो. एकजण "उद्या येईल" लिहितो. दुसरा आधी काय कबूल केलं होतं आणि खरंच काय झालं हे दोन्ही शेजारी शेजारी दोन कॉलमांत लिहितो, रोज, आणि सहा महिन्यांनी त्याच्याकडे असं काहीतरी असतं जे कंपनीत दुसऱ्या कोणाकडेच नाही. तिने केलं तसं. तिला सापडलं की ज्या ट्रान्सपोर्टरला सगळे "स्लो" म्हणून शिव्या देतात तो जवळपास दर वेळी नऊ दिवसच घेतो, आणि जो "फास्ट" म्हणून लाडका आहे त्याची सरासरी सात असली तरी तो कधी चार दिवसांत येतो कधी बारा. फास्टवाल्याचे चार दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतात. बारा दिवस झाले की त्या दिवशी पाऊस होता किंवा रस्ता बंद होता असं काहीतरी प्रत्येक वेळी असतंच.

फोनची दुसरीही एक बाजू आहे. मास्टर्सला जवळपास सगळ्यांनी तो बिअर गेम खेळलेला असतो, एमआयटीतले प्राध्यापक जे (Jay) फॉरेस्टर यांच्या कामातून निघालेला. चार जण, रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी. ग्राहकाची मागणी आठवड्याला ४ असते, पाचव्या आठवड्यात ८ होते आणि मग शेवटपर्यंत ८ च राहते, बास, एवढंच घडतं. पण ऑर्डर पोहोचायला वेळ, माल पोहोचायला वेळ, त्यामुळे फॅक्टरीपर्यंत जाईतो लोक घाबरून ४०-४० च्या ऑर्डरी टाकत असतात, नंतर तोच माल सगळ्यांच्या अंगावर येतो. खेळ संपल्यावर सगळे म्हणतात मागणी वेडीवाकडी होती, आणि मग फळ्यावर ती ४, ४, ४, ४, ८, ८, ८ अशी सरळ रेषा दाखवतात तेव्हा वर्गात जी शांतता होते ती कोणी विसरत नाही. याला बुलव्हिप म्हणतात, हौ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची कारणं नीट मांडली, प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं (बाळं एका लयीत डायपर वापरतात, तरी मागे ऑर्डरींचे डोंगर आणि दऱ्या). पण मला त्या खेळातला वेगळाच नियम महत्त्वाचा वाटतो. एकमेकांशी बोलायचं नाही! माल कुठे आहे, तुझ्याकडे किती उरलाय, खरंच एवढा लागतोय का, काही विचारायचं नाही. तो नियम आहे म्हणून खेळ एवढा भयानक होतो. आणि भाची दिवसभर जे करतेय ते म्हणजे तो नियम मोडणं आहे. "तुमच्याकडची गाडी अडकलीय पण अजून तीन दिवसांचा माल पडलाय, दुप्पट ऑर्डर नका टाकू" असं एक वाक्य वेळेवर पोहोचलं की पुढची किती तरी गडबड जन्मालाच येत नाही.

पण हे सगळं मी तिला समजावून सांगताना मला पूर्ण समाधान होतं असंही नाही. कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. रात्रभर गाडी चालवून आलेला, गेटवर नंबर लागायची वाट बघत बसलेला, आणि त्याला तासातासाला चार वेगवेगळे लोक विचारतात कुठे आहात. त्याचं थांबणं कोणाच्याच पत्रकात नीट येत नाही. वेअरहाऊसवाल्यांना गाड्यांची रांग बरी वाटते कारण त्यांची माणसं रिकामी बसत नाहीत, म्हणजे एकाची कार्यक्षमता दुसऱ्याच्या वेळेवर उभी. कंटेनरच्या बाबतीत निदान डिमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवल्याचा आकार, लागतं, थांबण्याचं बिल कोणाला तरी येतं. ड्रायव्हरचं तसं होत नाही बहुतेक ठिकाणी. आणि महिनाअखेर! कित्येक ठिकाणी महिन्याचा बराचसा माल शेवटच्या आठवड्यात बाहेर पडतो, कारण सेल्सचं टार्गेट एकतीस तारखेला संपतं, ग्राहकाला त्या तारखेशी काही देणंघेणं नसतं. त्या रात्री डॉकवर दिवे जळत असतात, सगळ्यांचे डोळे लाल, आणि पहिल्या तारखेला तोच डॉक ओस. इतकी वर्षं झाली, मला त्याची सवय झाली नाही आणि होऊ नये असंच वाटतं.

आणखी एक, काही कंपन्या शिकलेल्या पोरांना वर्षानुवर्षं नुसत्या फॉलो-अपवरच ठेवतात, ते चूक आहे. डॉकवरचं पहिलं वर्ष सोनं आहे, पण तिसऱ्या वर्षीही तेच असेल आणि तुमच्या त्या दोन कॉलमांकडे कोणी ढुंकून बघत नसेल तर सरळ निघावं. पुढे कुठे जायचं तर प्लॅनिंग, प्रोक्युअरमेंट, ट्रान्सपोर्ट, वेअरहाऊस डिझाइन, अ‍ॅनालिटिक्स असं बरंच आहे. सर्टिफिकेटंही आहेत, सीपीआयएम (प्लॅनिंग आणि साठा), सीएससीपी (एकूण सप्लाय चेन), सीएलटीडी (लॉजिस्टिक्स), ज्याची त्याची उपयुक्तता. माझ्या मते काम थोडं बघून मग अभ्यास केला तर ती पुस्तकं उजळतात, आधी केला तर नुसती पाठ होतात. डॉक्युमेंटेशनला लोक कमी लेखतात, ते मात्र मला पटत नाही. इन्कोटर्म्सचंच घ्या, म्हणजे खरेदी-विक्रीत कुठपर्यंतचा खर्च आणि धोका कोणाचा हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम. २०२० च्या आवृत्तीत ११ नियम आहेत, कोणीही आठवड्यात पाठ करेल. त्यातल्या एफओबी (फ्री ऑन बोर्ड) नियमात माल जहाजावर चढला की धोका विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, सोपंय. पण कंटेनर तर आधी टर्मिनलवर सोपवला जातो आणि तिथे कधी कधी दिवसेंदिवस पडून असतो. त्या मधल्या काळात काही झालं तर? माल विकणाऱ्याच्या ताब्यात नाही पण धोका त्याचाच. म्हणूनच कंटेनरच्या मालाला एफसीए (फ्री कॅरिअर, म्हणजे माल वाहतूकदाराकडे सोपवला की धोका घेणाऱ्याकडे) वापरा असं इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स सांगत असतं, तरी व्यवहारात एफओबी लिहिणं सुरूच आहे, सवयीने. ज्याने टर्मिनलच्या यार्डात उन्हात उभे असलेले कंटेनर बघितलेत त्याला हा मुद्दा वाचताक्षणी कळतो.

आता म्हणतात हे फोन संपणार. गाडीला जीपीएस आहे, नकाशावर ठिपका दिसतो, येण्याची वेळ आपोआप काढून मिळते, सिस्टीमच मेल पाठवते. चांगलंच आहे, ड्रायव्हरची तरी सुटका होईल, आणि दोन कॉलम आपोआप भरतील. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं तेव्हा जगभरच्या लोकांनी तो ठिपका सहा दिवस घरबसल्या पाहिला, मागे शेकडो जहाजं खोळंबली होती. जागा सगळ्यांना दिसत होती. निघणार कधी हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि आफ्रिकेला वळसा घालून जायचं की थांबायचं हा निर्णय ठिपक्याकडे बघून घेता येत नव्हता. ठिपका कुठे हे सांगतो, का ते सांगत नाही. त्याच्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कारणांची एक यादी दिलेली असते, हवामान, बिघाड, कागदपत्रं, रस्ता, आणि शेवटी "इतर". मी जिथे जिथे ती यादी बघितली तिथे "इतर" खूप भरलेलं असतं, कारण भरणाऱ्याला पाच सेकंदांत पुढच्या गाडीकडे जायचं असतं. भाचीच्या टीमकडे आता असंच सॉफ्टवेअर येतंय. तिने मागितलंय की कारणांची यादी बनवायचं काम माझ्याकडे द्या, आणि ती पहिल्यांदा त्या "इतर"वाल्या सगळ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना फोन लावून विचारणार आहे, नक्की काय झालं होतं.